'हमार्तिया' ते 'आदिपाप' : प्रारंभिक ख्रिस्ती परंपरेतील एका संकल्पनेचा प्रवास

१

अ‍ॅरिस्टॉटलच्या 'पोएटिक्स'चे तेरावे प्रकरण शिकवताना 'हमार्तिया' या शब्दापाशी आपण सारेच थोडे थबकतो. मराठी समीक्षेत तो बहुधा 'हॅमार्शिया' असा लिहिला जातो आणि 'प्रमाद', 'चूक', 'शोकात्म दोष' असे त्याचे निरनिराळे पर्याय दिले जातात. हा प्रमाद नैतिक मानायचा की केवळ अज्ञानजन्य, हा वाद आपल्या परिचयाचा आहे. काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या वर्गात हे प्रकरण चालू असताना वसईकडच्या एका विद्यार्थिनीने शंका काढली. नव्या करारात जिथे 'पाप' आहे तिथे मूळ ग्रीकमध्ये हाच शब्द असल्याचे तिने ऐकले होते. मग ईडिपसने जे केले आणि आदामाने जे केले ते एकाच जातीचे मानायचे का, असा तिचा प्रश्न होता. मी त्या दिवशी दिलेले उत्तर शब्द एक, अर्थ वेगळे, एवढेच होते. उत्तर चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. कारण एकच शब्द इतके दूरचे अर्थ कसे वाहू लागला हा खरा प्रश्न त्यात टाळलेला होता.

प्रस्तुत निबंधात त्या प्रश्नाचा मागोवा घ्यायचा आहे. इ.स.पूर्व चौथ्या शतकातला हमार्तिया आणि इ.स.च्या पाचव्या शतकात ऑगस्टीनच्या हाती सिद्ध झालेली आदिपापाची कल्पना यांच्यामध्ये सुमारे साडेसातशे वर्षांचे अंतर आहे. या काळात पापाविषयीचे विचार बदलले ते केवळ धर्मपंडितांच्या सिद्धांतांमुळे नव्हे. हिब्रूतून अरामीत, अरामीतून ग्रीकमध्ये, ग्रीकमधून लॅटिनमध्ये अशी भाषांतरे होत गेली आणि प्रत्येक भाषेने पापासाठी आपले रूपक पुढे केले. पॉल रिकरने १९६०च्या 'ला सँबोलिक द्यु माल' या ग्रंथात पापाचा अनुभव प्रतीकांवाचून बोलताच येत नाही असे दाखवले आहे. त्याचे विवेचन प्रामुख्याने अनुभवाच्या घटनांचे आहे. मला येथे इतिहास पाहायचा आहे. त्यातही एक सूत्र मनात धरले आहे : पापाचे रूपक बदलले की पापावरचा उपायही बदलतो. डाग असेल तर तो धुवावा लागतो, ओझे असेल तर उतरवावे लागते, कर्ज असेल तर फेडावे किंवा माफ व्हावे लागते आणि रोग असेल तर वैद्य लागतो. मात्र पाप हा वारसा असेल तर पुन्हा जन्म घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

२

हिब्रू बायबलमध्ये पापासाठी एक शब्द नाही. तीन शब्द वारंवार येतात. 'हत्तात' हा ज्या धातूपासून झाला त्याचा मूळ अर्थ चुकणे, हुकणे. 'शास्ते' या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात बन्यामिनाच्या वंशातील सातशे डावखुऱ्या गोफणदारांचा उल्लेख आहे. त्यांचा नेम केसाइतकाही चुकत नसे. तिथले क्रियापद याच धातूचे आहे. दुसरा शब्द 'आवोन'. त्यात वाकडेपणाची छटा आहे आणि तो 'वाहणे', 'उचलणे' या क्रियापदाबरोबर वारंवार येतो. म्हणजे येथे पाप हे ओझे आहे. तिसरा 'पेशा', म्हणजे बंड. मांडलिक राजा सार्वभौम राजाविरुद्ध उठतो तेव्हाही हिब्रू इतिहासकार हीच शब्दयोजना करतो.

यांपैकी ओझ्याची प्रतिमा विधीत कशी उतरली ते लेवीयच्या सोळाव्या अध्यायात दिसते. प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बकरे आणले जात. एकाचा बळी दिला जाई. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून मुख्य याजक लोकांचे अपराध उच्चारी आणि तो बकरा ते सारे अपराध वाहून निर्जन रानात नेई. येथे पाप जणू वजन असलेली वस्तू आहे. ते एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाते आणि वस्तीबाहेर टाकता येते.

यातली एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. ज्या आदाम-हव्वेच्या कथेवर पुढे आदिपापाची सारी इमारत उभी राहिली, त्या उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात 'पाप' हा शब्दच नाही. तो पहिल्यांदा येतो चौथ्या अध्यायात, काइनाच्या कथेत, भावाच्या खुनाच्या आधी; आणि तिथे पाप दाराशी दबा धरून बसलेल्या जनावरासारखे आहे, ज्यावर काइनाने ताबा मिळवावा अशी देवाची अपेक्षा आहे. उर्वरित हिब्रू बायबल आदामाच्या आज्ञाभंगाला मानवी पापाचे मूळ म्हणून पुढे करत नाही.

वारशाचा प्रश्न मात्र तिथे आहे. निर्गमच्या विसाव्या अध्यायात वडिलांच्या अपराधांचा जाब तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत घेतला जाईल असा इशारा आहे. बाबेलच्या बंदिवासात गेलेल्या पिढीला हा इशारा अन्यायाचा वाटू लागला असावा. वडिलांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले अशी म्हण तेव्हा लोकांच्या तोंडी होती. यहेज्केल संदेष्टा अठराव्या अध्यायात ती म्हण मोडीत काढतो आणि मुलगा बापाचे पाप वाहणार नाही असे ठामपणे सांगतो. मराठी वाचकाला येथे वाल्या कोळ्याची कथा आठवल्याशिवाय राहणार नाही. खुनागणिक रांजणात खडा टाकणाऱ्या वाल्याला बायकामुले सांगतात, की मिळकतीत आम्ही वाटेकरी आहोत, पापात नाही. 'सात पिढ्यांना भोवणे' ही भाषा आपल्याकडेही आहे. पण त्या कथेतला नैतिक धक्का पाप वाटून घेता येत नाही या जाणिवेचा आहे. यहेज्केलची भूमिका तीच आहे. ऑगस्टीनला पुढे याच भूमिकेशी झुंजावे लागले.

३

इराणी साम्राज्याच्या काळात अरामी ही व्यवहाराची भाषा झाली. बाजार, न्यायालय, दस्तऐवज सारे तिच्यात चाले. या भाषेत 'होबा' हा एकच शब्द कर्जासाठी आणि पापासाठी वापरात होता. ओझ्याच्या जागी कर्ज आले. गॅरी अँडरसन या अभ्यासकाने २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या पापाच्या इतिहासावरील ग्रंथात या बदलाचा विस्ताराने वेध घेतला आहे. या बदलाचे परिणाम दूरगामी होते. ओझे टाकता येते, पण कर्ज टाकता येत नाही. त्याची नोंद राहते. कर्जाला सावकार लागतो, हिशेब लागतो. उलट बाजूने, पुण्य साठवताही येते. दानियेलच्या पुस्तकातील अरामी भागात संदेष्टा नबुखद्नेस्सर राजाला दानधर्म करून आपल्या पापांतून सुटका मिळवण्याचा सल्ला देतो. गरिबाला दिलेले दान म्हणजे देवाकडे ठेवलेली ठेव, ही कल्पना याच मातीत रुजली.

येशू अरामी बोलत होता. त्याच्या दृष्टांतांत सावकार, कारभारी, ऋणको यांची वर्दळ का आहे हे त्यावरून कळते. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला दृष्टांत पाहावा. एका सेवकाने राजाचे दहा हजार तालंत देणे लागत होते. एक तालंत म्हणजे सहा हजार दीनार आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. हे कर्ज फेडायला सहा कोटी दिवसांची मजुरी लागली असती. राजा ते सारे माफ करतो. तोच सेवक बाहेर पडताच शंभर दीनारांच्या येण्यासाठी आपल्या सोबत्याचा गळा धरतो. दोन रकमांमधले सहा लाख पटींचे अंतर हीच त्या कथेची युक्ती आहे. हिशेबाची भाषा इतकी ताणायची की हिशेब निरर्थक ठरावा.

प्रभूच्या प्रार्थनेतही हेच रूपक आहे. मत्तयाच्या ग्रीक पाठात 'कर्जे' असा शब्द आहे, तर लूकच्या पाठात त्याच जागी 'पापे' आले आहे. त्याच वाक्याच्या उत्तरार्धात मात्र लूकही 'ऋणी' हाच शब्द ठेवतो. अरामी न जाणणाऱ्या वाचकासाठी लूकने अर्थ सोडवून दिला, पण रूपक पुरते पुसले गेले नाही. मराठी बायबलमध्ये मत्तयाच्या प्रार्थनेत 'ऋण' कायम आहे. देव-ऋषी-पितृऋणाच्या परंपरेत वाढलेल्या आपल्या कानाला तो शब्द ओळखीचा वाटतो खरा. पण आपले ऋण हे जन्मसिद्ध कर्तव्य आहे, अपराध नव्हे. ही ओळख म्हणूनच थोडी फसवी आहे.

४

येशूच्या आधीच, इ.स.पूर्व तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या ज्यूंनी आपले धर्मग्रंथ ग्रीकमध्ये आणायला सुरुवात केली होती. 'हत्तात'साठी त्यांनी निवडलेला शब्द म्हणजे 'हमार्तिया'. निवड सूक्ष्म होती. दोन्ही शब्दांच्या मुळाशी नेम चुकणे आहे. होमरच्या युद्धवर्णनात भाला हुकतो तेव्हाही याच ग्रीक धातूचे क्रियापद येते. पण भाषांतराबरोबर शब्दाचा संदर्भ पालटला. ग्रीक शोकात्मिकेत हमार्तियाला प्रेक्षक असतो, परिणाम असतो. पण ज्याचा करार मोडला असा कोणी समोर उभा नसतो. हिब्रू परंपरेत प्रत्येक चूक कोणाविरुद्ध तरी असते. ज्या दिवशी हमार्तियाला हा दुसरा पक्ष मिळाला त्या दिवशी अ‍ॅरिस्टॉटलचा शब्द आणि बायबलचा शब्द यांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

पौलाने या शब्दाला आणखी एक वळण दिले. इ.स. ५७च्या सुमारास लिहिलेल्या रोमकरांस पत्रात हा शब्द चाळीसहून अधिक वेळा येतो आणि बहुतेक ठिकाणी एकवचनी. पापे नव्हेत, पाप. ते जगात प्रवेश करते, राज्य करते, माणसांना गुलाम करते आणि आपल्या चाकरांना पगार देते; हा पगार म्हणजे मरण. पगारासाठी पौलाने वापरलेला शब्द सैनिकांच्या वेतनाचा आहे. पाप ही आता माणसाने केलेली कृती राहिली नाही, माणसावर सत्ता गाजवणारी शक्ती झाली. अशा शक्तीपुढे क्षमा अपुरी पडते. तिथे मुक्तताच हवी. म्हणून येशूच्या दृष्टांतांत कर्जमाफी आहे, तर पौलाच्या पत्रांत स्वामी बदलणे आहे.

या पत्राच्या सातव्या अध्यायात 'मी' बोलतो : चांगले करायचे तर असते, पण हातून वाईटच घडते. हा 'मी' कोण? तिसऱ्या शतकात ऑरिजेनने पौल येथे दुसऱ्याच्या भूमिकेतून बोलत आहे असे सुचवले होते. वक्तृत्वशास्त्रात अशा पात्रयोजनेला जागा होती. पुढे ऑगस्टीनने उत्तरायुष्यात तो 'मी' खुद्द पौलाचा, म्हणजे कृपा लाभलेल्या माणसाचाही मानला, आणि त्याबरोबर ख्रिस्ती माणसाच्या अंतर्मुख, स्वतःला खोदत राहणाऱ्या मनाचा पाया घातला गेला. क्रिस्टर स्टेंडाल यांनी १९६३च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात, हे पश्चिमी अंतर्मन आपण पौलावर लादले असल्याचे प्रतिपादन केले. निवेदक आणि लेखक यांत भेद करावा हा आपल्या समीक्षेचा प्राथमिक धडा. तो येथे किती दूरवर जाऊन भिडतो हे पाहण्यासारखे आहे.

५

दुसऱ्या आणि तिसऱ्या शतकांतल्या मंडळ्यांपुढचा प्रश्न अधिक रोकडा होता. बाप्तिस्म्याने आधीची पापे धुतली जातात हे सर्वमान्य होते. पण नंतर घडणाऱ्या पापांचे काय? इब्रीकरांस पत्राच्या लेखकाने, एकदा प्रकाश लाभून पुन्हा पतित झालेल्यांना फिरून पश्चात्तापाकडे आणणे अशक्य मानले होते. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेल्या 'हर्मासचा मेंढपाळ' या ग्रंथाने आणखी एक संधी दिली, पण एकच. तिसऱ्या शतकाच्या आरंभी कार्थेजच्या तर्तुलियनने पश्चात्तापाला जहाज फुटल्यावर हाती लागलेल्या फळीची उपमा दिली. तोच तर्तुलियन पुढे कठोर पंथाकडे वळला आणि व्यभिचाराला क्षमा जाहीर करणाऱ्या एका बिशपावर तुटून पडला.

इ.स. २५०मध्ये सम्राट डेसियसच्या आज्ञेने हा प्रश्न विद्वानांच्या हातून निसटून बाजारात आला. साम्राज्यातील प्रजेने देवतांना बळी अर्पण करावा आणि तसे प्रमाणपत्र घ्यावे असा हुकूम निघाला. इजिप्तच्या कोरड्या वाळूत अशी चाळीसहून अधिक प्रमाणपत्रे पपायरसवर शिल्लक राहिली आहेत : नाव, गाव, बळी दिल्याचे निवेदन, साक्षीदारांच्या सह्या. अनेक ख्रिस्ती लोकांनी बळी दिला. काहींनी बळी न देता पैसे मोजून कागद मिळवला. छळ ओसरल्यावर हे लोक परत दाराशी आले. कागद विकत घेणाराही मूर्तिपूजकच का? कार्थेजचा बिशप सिप्रियन याने २५१च्या परिषदेत तारतम्याचा मार्ग काढला. कागद घेतलेल्यांना प्रायश्चित्तानंतर लवकर प्रवेश मिळे, बळी दिलेल्यांना दीर्घ प्रायश्चित्त करावे लागे. रोममध्ये नोव्हेशियनला हे मान्य झाले नाही आणि तो वेगळा झाला. पापाला प्रती असतात, त्या मोजता येतात आणि मोजण्याचा अधिकार बिशपाचा, ही व्यवस्था या भांडणातून आकाराला आली.

याच सिप्रियनच्या एका पत्रात पुढच्या वादाचे बीज आहे. सहासष्ट बिशपांच्या वतीने तो लिहितो, की नवजात मुलाच्या बाप्तिस्म्यासाठी आठव्या दिवसापर्यंतही थांबू नये. मुलाने स्वतः पाप केलेले नाही. त्याला क्षमा होते ती परक्या पापाची. अर्धशतकापूर्वी तर्तुलियनने निरागस वयाला पापक्षमेची घाई कशासाठी असा प्रश्न विचारला होता. येथे प्रथा आधी आली आणि तिचे समर्थन मागाहून. बाप्तिस्मा पाप धुण्यासाठी, तान्ह्या मुलांनाही बाप्तिस्मा दिला जातो, तर मग तान्ह्या मुलातही काही पाप असले पाहिजे, असा हा तर्काचा उलटा जिना होता.

पूर्वेकडे, ग्रीक भाषकांत, चित्र वेगळे होते. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस लिआँचा बिशप असलेला इरेनियस हा मूळचा आशिया मायनरचा. त्याच्या दृष्टीने आदाम पूर्ण वाढलेला अपराधी नव्हता, अजाण बालक होता. त्याचे पतन ही वाढीच्या वाटेवरची ठेच होती. ग्रीक आचार्यांनी आदामाकडून आपल्याला मृत्यू मिळाला, दुर्बलता मिळाली असे मानले. त्याचा अपराध मिळाला असे सामान्यतः मानले नाही. त्यांच्या लेखी पाप हा रोग होता आणि ख्रिस्त वैद्य.

६

ऑगस्टीन (३५४-४३०) या वादात उतरला तो स्वतःचे आयुष्य घेऊन. नऊ वर्षे तो मानी पंथात होता. वाईट हे जगातले स्वतंत्र तत्त्व आहे, माझ्यात पाप करते ते मी नव्हे, असे तो पंथ सांगे. ते समाधान त्याने सोडले; पण इच्छा असून बदलता येत नाही हा अनुभव सुटला नाही. सुमारे ३९७ ते ४०१ या काळात लिहिलेल्या 'कन्फेशन्स'च्या दुसऱ्या भागात सोळा वर्षांच्या वयातल्या चोरीची हकीकत आहे. शेजारच्या झाडाची नासपती त्याने मित्रांबरोबर रात्री चोरली. भूक नव्हती, फळे चांगलीही नव्हती. बहुतेक डुकरांपुढे टाकली. इतक्या क्षुल्लक चोरीवर पानेच्या पाने का खर्च व्हावीत? कारण येथे चोरीला कसलेच निमित्त उरत नाही. वाईट करण्यातला नुसता आनंद आणि सोबत्यांची सलगी एवढेच हाती लागते. झाड, फळ, निषिद्ध कृती, सोबत : ही उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायाचीच पुनर्रचना आहे. प्रत्येक माणूस आदामाची कथा पुन्हा जगतो असे तो आत्मचरित्राच्या रचनेतूनच दाखवतो. पहिल्या भागात तर तो याच्याही मागे जातो. आईच्या दुधावर वाटा सांगणाऱ्या दुसऱ्या अर्भकाकडे मत्सराने पाहणाऱ्या, अजून बोलताही न येणाऱ्या मुलाचे चित्र तो रंगवतो.

याच ग्रंथातल्या एका प्रार्थनेवरून वादाची ठिणगी पडली. देवाने जी आज्ञा करायची ती करावी, पण ती पाळण्याचे बळही त्यानेच द्यावे, अशा आशयाचे ते वाक्य रोममध्ये एका बिशपाने उच्चारले. ते ऐकून ब्रिटनहून आलेला तपस्वी पेलागियस अस्वस्थ झाला, असे ऑगस्टीनने उत्तरायुष्यात नोंदवले आहे. पेलागियसच्या दृष्टीने आज्ञा आहे याचा अर्थच ती पाळता येते. माणसाला दुर्बल ठरवणे म्हणजे आळसाला धर्माचे कवच देणे. पाप हे अनुकरणाने, सवयीने पसरते, रक्ताने नव्हे. यहेज्केलचाच हा आवाज होता.

आज वाचताना आपली सहानुभूती सहज पेलागियसकडे जाते. पण येथे जरा थांबायला हवे. पेलागियसच्या जगात जो चुकतो तो पूर्णपणे आपल्याच दोषाने चुकतो. त्याला कसलीच सबब नाही. प्रत्येक ख्रिस्ती माणसाने संन्याशासारखे निर्दोष जगावे ही त्याची मागणी होती. ऑगस्टीनच्या मंडळीत मात्र पुन्हा पुन्हा घसरणाऱ्या, पुन्हा पुन्हा उठणाऱ्या सामान्य माणसाला जागा होती. उदार वाटणारा सिद्धांत आचरणात कठोर आणि कठोर वाटणारा सिद्धांत आचरणात क्षमाशील, असा हा पेच आहे. त्याच वेळी ऑगस्टीनच्या सिद्धांताची किंमतही विसरता येत नाही. बाप्तिस्म्यावाचून मेलेली तान्ही मुले देवाच्या राज्याला मुकतात. त्यांची शिक्षा सर्वांत सौम्य असेल, पण असेल, या निष्कर्षापासून तो मागे हटला नाही. कितीतरी आयांनी पुढची हजार-दीड हजार वर्षे या वाक्याच्या छायेत काढली.

४११मध्ये कार्थेजला पेलागियसचा अनुयायी सेलेस्टियस दोषी ठरला. ४१५मध्ये पॅलेस्टाइनमधील परिषदेने पेलागियसला निर्दोष सोडले. ४१८मध्ये कार्थेजच्या परिषदेने, सम्राट होनोरियसच्या फर्मानाने आणि रोमच्या पोप झोसिमसने त्याच्या मतांवर शिक्कामोर्तब केले ते विरोधाचे. सिद्धांताच्या विजयात राजसत्तेचा हात होता हे नोंदवायलाच हवे.

७

आता ज्या ओळीवर हा वाद येऊन ठेपला तिच्याकडे वळू. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील बाराव्या वचनात पौल म्हणतो, की एका माणसाकडून पाप जगात आले, पापाने मरण आले आणि मरण सर्वांपर्यंत पोहोचले. पुढे 'एफ हो' असे दोन छोटे ग्रीक शब्द आहेत आणि मग 'सर्वांनी पाप केले'. ग्रीक वाचकाला या जोडीचा 'कारण' किंवा 'ज्यामुळे' असा अर्थ सहज लागतो. जुन्या लॅटिन भाषांतरात ती 'इन क्वो' झाली, म्हणजे 'ज्याच्यात'. ज्याच्यात सर्वांनी पाप केले तो कोण? चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात रोममध्ये लिहिणाऱ्या, आज 'अँब्रोसियास्टर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भाष्यकाराने उत्तर दिले : आदाम. सर्व माणसे एका गोळ्यासारखी आदामात होती.

ऑगस्टीनने हा अर्थ घेतला, पण आंधळेपणाने नव्हे. ४१२च्या सुमारास त्याला दोन पर्याय दिसत होते : ज्या पापात, किंवा ज्या माणसात. ४२०च्या सुमारास, ग्रीकमध्ये 'पाप' हा शब्द स्त्रीलिंगी असल्याने सर्वनामाशी जुळत नाही म्हणून, त्याने पहिला पर्याय सोडला. ग्रीकमध्ये 'मरण' पुल्लिंगी आहे; पण तो पर्याय त्याला अर्थाच्या दृष्टीने पटला नाही. उरला आदाम. शिवाय त्याच्या लॅटिन पाठात 'मरण सर्वांपर्यंत पोहोचले' यातील 'मरण' हा शब्द नव्हता, त्यामुळे पोहोचले ते पापच असे वाचणे सोपे झाले. इटलीतील एक्लानमचा बिशप ज्यूलियन चांगले ग्रीक जाणत होता. त्याने 'ज्यामुळे' हा अर्थ पुढे केला आणि ऑगस्टीनवर उलट आरोप केला, की तू अजूनही मानीपंथीयच आहेस. जो देव अर्भकाला परक्या अपराधासाठी दंड करतो तो न्यायी कसा? ज्यूलियनला उत्तर देणारा ऑगस्टीनचा अखेरचा ग्रंथ ४३०मध्ये त्याच्या मृत्यूने अपुरा राहिला. त्यात तो प्रतिपक्षाचे म्हणणे परिच्छेद-परिच्छेदाने उद्धृत करतो. म्हणूनच पराभूत ज्यूलियनचे शब्द आज आपल्याला वाचायला मिळतात.

सोळाव्या शतकात इरॅस्मसने ग्रीक पाठावरील टिपांत 'इन क्वो'ची अडचण पुन्हा उघड केली. तेव्हापासून असे सांगण्याची पद्धत पडली आहे, की आदिपाप म्हणजे एका चुकीच्या भाषांतराचे अपत्य. हे विधान आकर्षक आहे, पण मला ते पटत नाही. 'मूळ पाप' ही शब्दयोजना ऑगस्टीनने ३९६च्या सुमारास सिंप्लिशियनला लिहिलेल्या ग्रंथात केली होती. तेव्हा पेलागियसशी वाद सुरूही झालेला नव्हता. त्याला त्या निष्कर्षाकडे नेले ते तान्ह्या मुलांच्या बाप्तिस्म्याच्या प्रथेने, आफ्रिकेच्या सिप्रियन-परंपरेने आणि स्वतःच्या दुभंगलेल्या इच्छेच्या अनुभवाने. व्याकरणाने त्याला पुरावा पुरवला, विचार नव्हे. याचा दाखला अगदी अलीकडचा आहे. १९७९मध्ये रोमने प्रसिद्ध केलेल्या नव्या व्हल्गेट पाठात 'इन क्वो' जाऊन 'कारण' या अर्थाची शब्दयोजना आली. आदिपापाचा सिद्धांत मात्र जिथल्या तिथे राहिला.

८

या वादाच्या समांतर आणखी एक परंपरा वाढत होती. इजिप्तच्या वाळवंटात इव्हॅग्रियसने (मृत्यू ३९९) पापांची नव्हे, 'विचारां'ची यादी केली : खादाडपणा, वासना, लोभ, खिन्नता, क्रोध, मरगळ, पोकळ कीर्तीची हाव, गर्व. विचार मनात येणे माणसाच्या हाती नाही; त्याला थारा देणे हाती आहे. कॅसियनने ही यादी लॅटिनमध्ये आणली आणि सहाव्या शतकाच्या अखेरीस ग्रेगरीने तिचे सात पापांत रूपांतर केले. साधकाने मन ओळखावे म्हणून केलेली यादी पुढे अपराधांची सूची झाली, हाही एक अर्थांतराचा नमुनाच आहे.

मराठीत हा सारा वारसा 'पाप' या एकाच शब्दात ओतला गेला. १६१६मध्ये 'क्रिस्तपुराण' छापणाऱ्या फादर स्टीफन्सने आदामाची कथा ओवीत सांगितली तेव्हा, आणि पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणताना हिंदू संकेतांनी भारलेल्या शब्दांविषयी सावधगिरी बाळगली तेव्हा, अडचण हीच होती. आपले पाप घड्यात साठते, गंगेत धुतले जाते, भोगून संपते. ते मागच्या जन्मातून येते, पण आपल्याच मागच्या जन्मातून. आदामाकडून येणारे पाप या शब्दात सहज मावत नाही, म्हणून 'आदि', 'मूळ' अशी उपपदे जोडावी लागली.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे परत येता येईल. ईडिपसला आपण काय करतो आहोत ते ठाऊक नव्हते, तरी त्याचे परिणाम त्याला भोगावे लागले. यहेज्केलच्या न्यायाने तो निर्दोष ठरला असता. आणि ऑगस्टीनच्या जगात? तिथे प्रत्येक अर्भक थोडेसे ईडिपस आहे : जे आपण जाणून केले नाही त्याचे उत्तरदायित्व घेऊन ते जन्माला येते. ज्या शब्दाला हिब्रू परंपरेने शोकात्मिकेपासून दूर नेले होते तो शब्द अशा रीतीने, आठ शतकांच्या प्रवासानंतर, शोकात्मिकेच्या दाराशी परत आला. फरक एवढाच की ईडिपसच्या कथेत दाद मागायला कोणी नाही. येथे कृपा आहे. ती सर्वांना का नाही, हा ज्यूलियनचा प्रश्न मात्र त्या अपुऱ्या ग्रंथाबरोबर अनुत्तरितच राहिला आहे. मला त्या दिवशी वर्गात जे सांगायला हवे होते ते हे होते.